आक्काच्या लिंबाची पट्टी

आमचं मूळ गाव कवठे महांकाळच्या अंगाला, पार कोरड्या माळावर, आणि गाव म्हणायचं ते नावाला, कारण वरसातलं आठ म्हैनं आमी गावात नसायचोच, मेंढरांमागं, आज हितं तर उद्या तितं, कृष्णेच्या काठाकाठानं खाली उतरायचं, उसाच्या पट्ट्यात रानात मेंढरं बसवायची, त्येच्या बदल्यात शेतकरी जोंधळं द्यायचा, आणि मिरगाच्या आत परत माळावर. धनगराची जात आमची, माझं नाव मायाप्पा, बापाचं धुळा. आता तुमी मला इच्यारताय की मामा, तुमी झाडांच्या चाकरीत कसं काय आला, तर पैलं ह्ये लिवा की मी जन्माचा झाडांचा वैरी हुतो. खांद्यावर कोयता, दिसली बाभळ की चढायचं, दिसला लिंब की डहाळी तोडायची, मेंढरांच्या म्होरं टाकायची. ज्या झाडाखाली दुपारी पडायचो त्येच झाड बोडकं करून म्होरं जायचो, आणि त्यात काय वंगाळ हाय ह्ये मनाला शिवायचंबी न्हाई.

आणिक एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्होरं लागणार हाय ती. आमच्यात खांडातलं एक मेंढरू बिरोबाच्या नावानं सोडत्यात. त्येच्या कपाळाला भंडारा लावायचा, भंडारा म्हंजी देवाची हळद, एकदा ती लागली की मग ते मेंढरू कुणी इकत न्हाई, कापत न्हाई, आणि कुठल्याबी गावच्या पाणवठ्यावर गेलं तर त्येला कुणी हाकलत न्हाई, किती का दुष्काळ असंना, माणूस आपली घागर बाजूला सारतो आणि त्येला पाणी पाजतो. पर द्यायचं ते आपलं सवताचं द्यायचं. आमचा एक चुलता हुता, त्येनं पाव्हण्याची मेंढी देवाला सोडली, आपली म्हणून. उघडकीला आलं. मग पंचांनी त्येच्या तळहातावर भंडारा ठिवला आणि समद्यांम्होरं उभा करून काय केलं ते त्येच्याच तोंडानं वदवून घेतलं, आणि वरीसभर त्येच्या पंगतीला कुणी बसलं न्हाई. बा त्येच्याकडं बोट दाखवून आमाला सांगायचा, बगा रं, दुसऱ्याचं देवाला द्यायला गेला आणि आता एकटाच जेवतोय.

तर मेंढरं गेली आमची. रोग आला, पंधरा दिसांत निम्मी, म्हैन्यात समदी. काय सांगू तुमाला, मोकळी वाघूर, म्हंजी मेंढरं कोंडायचं जाळं, बघवत न्हाई हो, आत नुसत्या लेंड्या आणि वारा. बा त्या दुःखानंच गेला. मी बायकोला, तायव्वाला घेऊन मिरजेला आलो, टेसनावर हमाली धरली. त्या वक्ताला मोठी लढाई चालू हुती, गाड्या भरभरून पलटणी जायच्या, हमालाला कामाची कमी नव्हती, पर माझं मन लागत नव्हतं. आयुष्यभर आभाळाखाली काढलेला मानूस मी, त्या पत्र्याच्या छपराखाली माझा जीव घुसमटायचा.

तितंच मला सुभेदार भेटलं. साताऱ्याकडचं घराणं, उसाचा मळा, मागल्या लढाईला जाऊन आलेला गडी. बायकोच्या दुखण्यापायी मिरजेला आलं हुतं, दवाखाना हितला नावाजलेला, समद्या मुलखातनं लोक येत्यात. बाई काय वाचली न्हाई. सुभेदार परत गावाला गेलंच न्हाईत, मळा भावाच्या स्वाधीन केला आणि टेसनाच्या पलीकडं नवी वसाहत बसत हुती तितं घर बांधून ऱ्हायलं. त्येंचं सामान मी डोक्यावरनं नेलं. वाटंत मला म्हणलं, काय रं, कुठला तू. म्हणलं धनगर हाय, माळावरचा. म्हणलं, मग तुला उन्हातान्हात चालायची सवय असंल, हितं झाडं लावायची हायती, ऱ्हातोस का. म्या म्हणलं, सुभेदार, मला झाडं तोडायची ठावं हायती, लावायची न्हाईत. ते हासलं, म्हणलं, ज्याला तोडायची कळत्यात त्येला झाडाचं दुखणंबी कळतंय, ये तू.

ती वसाहत म्हंजी सरळ एक रस्ता आणि दोन अंगाला घरं. रस्ता जायचा दवाखान्याकडं. झाड म्हणून औषधाला नव्हतं. सुभेदारांनी घरोघर फिरून लोक गोळा केलं, मंडळ केलं, आणि ठरलं असं की परत्येक घराम्होरं झाड लावायचं, लिंब, करंज, चिंच, जे जगंल ते, आणि त्येच्या राखणीला एक मानूस, एक पाण्याचा गाडा, दोन बैलं ठिवायची, आणि ह्या समद्याचा खर्च समद्यांनी उचलायचा, पट्टी बसवून. झाडपट्टी. आता पट्टी बसवायची कशी, तर घरावर. कुणाचं घर मोठं, कुणाचं ल्हान, समद्यांना सारखी कशी बसवणार? सुभेदार म्हणलं, खणावर बसवू. खण तुमाला ठावं असंल, दोन खांबांच्या मधली जागा. ज्येच्या घराचं रस्त्याच्या बाजूला जितकं खण, तितकी त्येची पट्टी. जेवढा रस्ता तुज्या घरानं अडवला तेवढ्या सावलीचं तू भर. लोकांना पटलं. मग मोजणी झाली, आणि मोजणीच्या दोरीचं एक टोक सुभेदारांच्या हातात आणि दुसरं माझ्या हातात हुतं. ह्ये ध्यानात ठेवा.

दोन वरसं लय चांगली गेली. मी हिरीवर मोट धरायचो, गाड्यावरचं पीप भरायचो, आणि एका टोकापासनं दुसऱ्या टोकापतोर एकेक आळं भरत जायचो. आळं म्हंजी झाडाच्या बुडाला मातीचा गोल कट्टा करत्यात, पाणी धरायला. बाभळीच्या काट्याचं कुंपण सोता घालायचो, कारण शेरडं कुठनं तोंड घालत्यात ते माझ्याइतकं कुणाला ठावं? मला हिशेब येत न्हाई, पर झाडं मला मेंढरांवानी वळखू यायची, कुठलं रुसलंय, कुठलं माजलंय, ते लांबनं दिसायचं. तायव्वा हासायची. म्हणायची, पैली मेंढरं निदान मागनं तरी येत हुती, ही उभी मेंढरं राखताय तुमी.

आता कोपऱ्यावरच्या घराचं सांगतो. दवाखान्याच्या बाजूच्या शेवटाला गंगूआक्काचं घर हुतं. आक्का दवाखान्यात आयाचं काम करायची, रांडमुंड बाई, नवरा रेल्वेत हुता तो मेलेला. तीन खणांचं घर, पर कोपऱ्यावर, म्हंजी एक बाजू आमच्या रस्त्याला आणि दुसरी बाजू दवाखान्याच्या वाटंला. त्या दुसऱ्या बाजूला नुसती भिंत हुती, लांबच्या लांब, ना दार ना खिडकी. सुभेदारांनी दोन्ही बाजू मोजल्या, आणि दोरीचं टोक माझ्या हातात हुतं. आक्काची पट्टी वसाहतीतल्या मोठ्या घराएवढी निघाली. आक्कानं पैल्या वरसाला गप भरली. दुसऱ्या वरसाला म्हणली, मी दाराच्या बाजूची भरीन, भिंतीची भरनार न्हाई. सुभेदार म्हणलं, माझं घरबी कोपऱ्यावर हाय, त्या टोकाला, मी दोन्ही बाजूची भरतो, मंग तुमी का न्हाई. आक्का म्हणली, तुमी भरताय ते तुमचं, मी माझं सांगते. दोगंबी हट्टी. सुभेदारांचा हट्ट पलटणीतला, आणि आक्काचा हट्ट तर काय सांगू, ती बाई मेलेल्या माणसाचं तोंड धुवायची आणि जिवंत डाक्टराला दटावायची.

तिसऱ्या वरसाला उन्हाळा लय कडक आला. हिरीचं पाणी तळाला गेलं, लढाईपायी बैलांना सरकी मिळंना, पेंड मिळंना. सुभेदारांनी हुकूम काढला, ज्येनं पट्टी भरली न्हाई त्येच्या म्होरच्या झाडाला पाणी घालायचं न्हाई. अशी सगळ्या रस्त्यात एकच हुती, गंगूआक्का. आणि मला म्हणलं, मायाप्पा, मी सोता बघणार हाय. खरंच, सकाळी गाडा निघाला की सुभेदार काठी घेऊन संगं चालायचं, आणि आक्काच्या लिंबाजवळ आलं की काठी आडवी धरायचं. पीप तितनं तसंच परत वळायचं.

आक्काच्या भिंतीला लागून ह्यो लिंब, तीन वरसांचा, दोन पुरुष उंच झालेला. वसाहतीतलं समद्यात चांगलं झाड ते. दवाखान्यात पेशंट आणलेली माणसं, कुणी शिराळ्याकडनं, कुणी जतकडनं, कुणी कर्नाटकातनं, त्येंना आत बसू देत न्हाईत, ती समदी ह्या भिंतीला टेकून त्या लिंबाच्या तुकडाभर सावलीत बसायची, सावली सरकंल तशी सरकायची. आठ दिसांत लिंबाची पानं मलूल झाली. पंधरा दिसांत खालच्या फांद्या पिवळ्या. मी रोज बघायचो. मेंढरं मरताना अशीच बघितली हुती म्या, उभी ऱ्हात्यात आणि बघत्यात तुमच्याकडं, वरडत न्हाईत. सुभेदारांना म्हणलं, मालक, झाडाचा काय गुन्हा? ते म्हणलं, हुकूम एकदा मोडला की मोडला. आक्काला म्हणलं, आक्का, भरून टाका की. ती म्हणली, मायाप्पा, तू मोजलंस न्हवं, भिंतीला दार हाय का रं?

तवा माझ्या डोक्यात ते आलं. घरी देव्हाऱ्यात भंडाऱ्याची पिशवी हुती, बापाच्या हातची. एका पहाटे आक्का कामावर गेल्यावर मी गेलो, आणि लिंबाच्या बुंध्याला हातभर भंडारा फासला. नवस न्हाई, जागर न्हाई, देवाचं नाव घ्यायलाबी जीभ उचलंना. मग गाडा घेऊन निघालो. सुभेदार संगं. लिंबाजवळ आलो, त्येंनी काठी आडवी धरली आणि बघतात तर बुंधा पिवळाजर्द. ह्ये काय रं, म्हणलं. म्या म्हणलं, मालक, ह्ये झाड बिरोबाला सोडलंय, देवाच्या जिवाला पाणी तोडता येत न्हाई. मोठा गडी, गोळ्यांत उभा ऱ्हायलेला, पर देवाधर्माला मानणारा. वहाणा काढल्या त्येंनी, हात जोडलं, आणि काठी खाली केली. म्हणलं, देवाचं झाड असंल तर त्येची पट्टी कुणाकडनं मागायची, घाल पाणी. त्या दिवशी म्या दोन घागरी जास्तीच्या घातल्या. वाटलं, जितलो.

चार दिस झालं न्हाईत तर गिरणीवालं नाना, म्हंजी रस्त्याच्या मधोमध त्येंची पिठाची गिरणी आणि वसाहतीतलं समद्यात लांब घर, त्येंनी मला हाक मारली. मायाप्पा, जरा आमच्या करंजालाबी भंडारा लाव की रं. म्या म्हणलं, कशाला नाना. म्हणलं, देवाला सोडतो, आमची श्रद्धा. आणि वर हासून म्हणलं, देवाच्या झाडाची पट्टी माफ झाली न्हवं? म्या न्हाई म्हणलं. तर त्येंनी सोताच्या बायकोच्या डब्यातली हळद आणून आपल्या हातानं लावली. दुसऱ्या दिवशी त्येंचा शेजारी. मग त्येचा शेजारी. कुणी खंडोबाला सोडला, कुणी अंबाबाईला, कुणी नाव न घेता नुसतीच हळद फासली. आठवड्यात निम्मा रस्ता पिवळा. आणि समदं येऊन सुभेदारांना म्हणायचं, आमचं झाड देवाचं झालं, पाणी घाला, पट्टी मागू नका.

आक्काच्या झाडाला एक न्याव आणि नानांच्या झाडाला दुसरा कसा लावणार? ज्येंनी हळद लावली न्हवती तीबी म्हणू लागली, मग आमीच काय येडं म्हणून भरायचं का. पट्टी यायची बंद झाली. मोटंचा नाडा झिजलेला हुता तो नवा घेता येईना. बैलांच्या बरगड्या दिसू लागल्या. मी एकाच्या मानंवर हात ठिवला तर त्येनं माझ्याकडं असं बघितलं की मला तितं थांबवंना. पीप निम्मंच भरायचं, एका दिसाआड, मग दोन दिसांआड. झाडं एकेक करून मान टाकू लागली, देवाची बी आणि बिनदेवाची बी. नानांचा करंज पैला गेला. सुभेदार मला म्हणलं, रविवारी समद्यांना बोलावतो, पट्टी येत नसंल तर बैलं इकतो, मंडळ मोडतो, मायाप्पा, तू तुझं बघ. त्येंच्या तोंडावर काय हुतं सांगू, राग न्हवता, थकवा हुता. बायको गेली तवा कसं दिसलं असतील तसं दिसत हुतं.

आणि ह्यात आक्काची पाळी सुटली, म्हंजी अंधारात जायची आणि अंधारातच परतायची ती दवाखान्यातली मोठी पाळी संपून ती दिवसाउजेडी घरी आली आणि तिनं सगळा रस्ता बघितला. कुणीतरी तिला सांगितलंच, की बाई, तुमी पैल्या, तुमच्यामुळं आमचीबी सुटली. ती तरातरा माझ्या घरी आली. तायव्वानं पाट मांडला, ती बसली न्हाई. मला म्हणली, मायाप्पा, माझ्या दारचं झाड कुणाला इच्यारून देवाला दिलंस? म्या म्हणलं, आक्का, मरत हुतं हो. म्हणली, मरू द्यायचं हुतं. मी भांडत हुते. दाराची पट्टी मी काढून ठिवलेली हाय, घरात हाय, त्या सुभेदारांनी फक्त भिंत सोडायची हुती. आज न्हाई तर उद्या सोडली असती. तू मला फुकटी केलीस. सगळा रस्ता म्हणतोय गंगूनं देवाच्या आडून पट्टी चुकवली. त्या बाईच्या डोळ्यात पाणी मी तवा पैल्यांदा बघितलं. जाताना म्हणली, रविवारी एकतर तू बोल, न्हाई तर मी बोलते.

तुमाला वाटंल, बोलून टाकायचं, त्यात काय. माझ्या बापाच्या हातचा भंडारा हुता तो. खोटा लावला ह्ये चार माणसांत सांगायचं म्हंजी चाकरी तर गेलीच, पर आमच्या लोकांच्यात कळलं तर माझ्या पंगतीला कोण बसणार, उद्या माझी पोरं कोण करणार? तायव्वा रडली. म्हणली, सांगू नका, आपण जाऊ हितनं, परत टेसनावर हमाली करा. मी म्हणलं, गं, टेसनावर गेलो तरी त्यो लिंब मला तितनं दिसतोय. रविवारी सकाळी तिनंच पिशवी काढून माझ्या हातात दिली.

माणसं आक्काच्या लिंबाखालीच जमली, दुसरी सावली ऱ्हायलीच कुठं हुती. सुभेदार खुर्चीवर, नाना बाकड्यावर, बाकी उभं. आक्का आपल्या दारात. भिंतीला टेकून दवाखान्याची माणसं बसलेली, त्येंना कायबी घेणंदेणं न्हाई, एका बाईच्या मांडीवर तापलेलं पोर हुतं. सुभेदार बोलायला उठलं, त्येच्या आधी मी म्होरं झालो. तळहातावर भंडारा घेतला, जसा चुलत्याच्या हातावर ठिवला हुता तसा. म्हणलं, मंडळी, ह्यो लिंब देवाचा न्हाई. देवानं मागितला न्हाई, म्या नवस केला न्हाई, आणि ह्ये झाड माझंबी न्हाई. आक्काला न इच्यारता म्या ह्यो भंडारा लावला, खोटा लावला, पाणी तुटू नये म्हणून. देव ह्यात न्हाई. पट्टी माफ करायला देव कुणाच्याच दारात आला न्हाई.

वाऱ्यानं हातावरचा भंडारा उडाया लागला तरी मी मूठ झाकली न्हाई. मग नाना उठलं, लालबुंद, म्हणलं, म्हंजी आमी काय खोटं? म्या म्हणलं, तुमचं तुमी सांगा नाना, मी माझं सांगितलं. सुभेदार माझ्याकडं वळलं. म्हणलं, मी वहाणा काढल्या हुत्या रं. एवढंच. मग म्हणलं, कामावर असताना खोटं बोललास, तुझी चाकरी गेली. मी मान हलवली. मला ते ठावंच हुतं.

तवा आक्का दारातनं खाली उतरली. हातात पुडी हुती, पट्टीची. ती सुभेदारांच्या म्होरं ठिवली आणि म्हणली, ह्यी माझ्या दाराच्या बाजूची. आता भिंतीचं ऐका. तुमच्या घराला दोन्ही बाजूला दारं हायती सुभेदार, तुमी दोन्ही बाजूंनी बाहेर पडताय. माझ्या ह्या भिंतीतनं मी कधी बाहेर येत न्हाई. ही सावली मी वापरत न्हाई. ही वापरत्यात, म्हणून तिनं त्या बसलेल्या माणसांकडं हात केला. तुमच्या मालकीणबाई आत हुत्या, मीच हुते त्येंच्याजवळ, तवा तुमी ह्याच भिंतीला टेकून बसलेलं मी बघितलंय, डोक्यावर फडकं घेऊन, झाड न्हवतं तवा. तवा तुमच्या सावलीची पट्टी कुणी भरायची हुती, तुमीच सांगा.

सुभेदार खाली बसलं. कवातरी त्येंनी मुंडासं काढलं आणि मांडीवर ठिवलं. मी त्या माणसाला लढाईच्या गोष्टी सांगताना आयकलंय, कधी आवाज हललेला न्हाई, पर त्या दिवशी हलला. म्हणलं, बाईचं खरं हाय, भिंतीची पट्टी भिंतीवाल्याची न्हाई, आपल्या समद्यांची. समद्यांनी आपापल्या खणावर थोडी थोडी वाटून घ्यायची. कबूल असंल त्येनं आपल्या झाडाची हळद आपल्या हातानं धुवावी. आणि बगा, पैला उठला कोण, तर नाना. त्येंचा करंज मेलेला हुता, तरी बादली घेऊन गेलं आणि त्या वाळक्या बुंध्याची हळद धुवून आलं. म्हणलं, नवीन लावतो, पट्टी घ्या. मग बाकीची गेली.

आक्काच्या लिंबाची हळद म्याच धुतली.

चाकरी माझी गेली ती गेली. सुभेदारांनी बोललेलं मागं घेतलं न्हाई, आणि मलाबी वाटलं न्हाई घ्यावं. गाड्यावर दुसरा गडी ठिवला. मी परत टेसनावर, पत्र्याखाली. पर रोज सकाळी कामावर जायच्या आधी खांद्यावर कावड घ्यायचो, दोन घागरी, हिरीवरनं आक्काच्या लिंबापतोर. मंडळाच्या गाड्याचं पाणी त्येला मिळत हुतंच, ह्ये माझं वेगळं, दंडाचं. सुभेदार खिडकीतनं बघायचं, बोलायचं न्हाई. अख्खा उन्हाळा, मग पावसाळा सोडून पुढचा हिवाळा. आणि एका सकाळी मी कावड खाली ठिवली तर सुभेदार आळ्याजवळ उभं, हातात सोताची कळशी. त्येंनी ती आळ्यात वतली. माझ्याकडं न बघता म्हणलं, नव्या गड्याला झाडाचं दुखणं कळत न्हाई, जा, बैलं सोडलेली हायती, गाडा जोड. काय सांगू तुमाला, मला रडू आलं ते मी तोंड धुवायच्या निमतानं त्याच पाण्यात लपवलं.

त्याच्यावर आता किती वरसं गेली. संस्थान गेलं, मंडळ गेलं, बैलं गेली, सुभेदार गेलं, आक्का गेली, आणि माझी तायव्वाबी गेली गेल्या साली. झाडं आता नगरपालिकेची. परवा दोन पोरं फीत घेऊन घरं मोजत हुती, काय नवीन कर बसवणार हायत म्हणं. आक्काच्या कोपऱ्यावर, तिच्या भाच्याचं घर हाय ते आता, ती पोरं आल्यावर मी काठी आडवी धरली, सुभेदार धरायचं तशी. म्हणलं, भिंत मोजायची न्हाई, ती समद्यांची हाय. ती हासली, म्हातारा येडा हाय म्हणली असतील. पर एकानं खाली बसून लिवून घेतलं.

लिंब आता दोन माणसांच्या कवेत मावत न्हाई. दवाखान्याची माणसं अजून तितंच बसत्यात. आणि कुणी कुठनं ऐकलं की ह्ये देवाचं झाड हुतं, पेशंट बरा व्हावा म्हणून अधनंमधनं कुणीतरी बुंध्याला हळद लावून जातंय. पैलं मला राग यायचा, मी पुसायला जायचो. आता जवळ जाऊन बसतो आणि सांगतो, बाबांनो, ह्यो देवाचा न्हाई, गंगूआक्काचा हाय, आणि तिनं ह्येची पट्टी भरलेली हाय. ती माणसं घाबरलेली असत्यात, त्येंना कायबी कळत न्हाई, पर सरकून मला सावलीत जागा देत्यात. संगं भाकरी असली तर म्होरं करत्यात. आमी संगं जेवतो.

लिवा तुमी ह्ये, जसं सांगितलं तसं. आणि तुमच्याबी दारात सावली ऱ्हावो, आणि तिची पट्टी भरायची बुद्धी ऱ्हावो.